गिलावा न करण्याची पूर्वतयारी: विद्यापीठाच्या इमारतीतलं उघडं काँक्रीट

उघड्या काँक्रीटचा विषय निघाला की बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "चला, प्लास्टर वाचलं, रंगही वाचला." वाचतो, यात खोटं काही नाही. पण प्लास्टर हा नुसता थर नसतो. आधी झालेल्या सगळ्या चुकांवर घातलेलं ते पांघरूण असतं. शटर (काँक्रीट ओतायचा साचा) फुगलं, सळई बाजूला सरकली, वीजवाल्याने पाइपसाठी भिंत फोडली, दोन ओतकामांचा सांधा वाकडा आला, तरी सगळं गिलाव्याखाली जातं आणि उद्घाटनाच्या दिवशी भिंत सरळसोट दिसते. हे पांघरूण काढून घेतलं की पुढे झाकता येणारी प्रत्येक चूक आधी, बहुतेक वेळा कागदावरच, टाळावी लागते. त्यामुळे खर्च कमी होतोच असं नाही, पण निर्णय मात्र नक्कीच अलीकडे येतात.

पर्यावरणाच्या हिशेबालाही हेच लागू पडतं. काँक्रीट उघडं ठेवल्याने इमारत आपोआप 'हरित' होत नाही. काय उघडं ठेवायचं, कुठल्या बाजूने आणि कशासाठी, हे वेळेत ठरलं तरच फायदा पदरात पडतो. खालच्या पायऱ्या साधारण त्याच क्रमाने लावल्या आहेत. प्रत्यक्षात पहिल्या पाच एकाच वेळी चालतात आणि एकमेकींच्या पायात पाय घालतात.

पायरी १: आधी कार्बनचा रोकडा हिशेब

सिमेंट उद्योगाचा वाटा जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात साधारण ७ ते ८ टक्के धरला जातो. भट्टी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण अधिक चिवट आहे. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि क्लिंकरच्या (भट्टीतून निघणारे, पुढे दळून सिमेंट होणारे खडे) उत्सर्जनाचा निम्म्याहून अधिक भाग हा असतो. भट्टीचं इंधन कितीही स्वच्छ केलं तरी तो शिल्लक राहतो.

आता एक चौरस मीटर भिंत घ्या. १२ मिलिमीटर जाडीच्या १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) गिलाव्याला एका बाजूने साधारण साडेचार ते पाच किलो सिमेंट लागतं. साध्या सिमेंटच्या किलोमागे ०.८५ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर सुमारे ४ किलो, म्हणजे दोन्ही बाजूंचे ८ किलो वाचले. याउलट २०० मिलिमीटर जाडीची काँक्रीटची भिंत, घनमीटरला ३५० किलो सिमेंट धरून, चौरस मीटरला ७० किलो सिमेंट खाते. तिचे सुमारे ६० किलो झाले, आणि सळईचा हिशेब अजून बाकीच आहे.

यातून निघणारा नियम सोपा आहे: इमारत उभी राहण्यासाठी जे काँक्रीट लागणारच आहे तेवढंच उघडं ठेवा. स्लॅब, बीम, कॉलम, जिन्याच्या आणि लिफ्टच्या गाभ्याच्या भिंती. वर्गावर्गांमधली जी भिंत हलक्या ब्लॉकची किंवा पॅनेलची चालली असती ती केवळ 'दिसायला छान' म्हणून काँक्रीटची ओतली, तर वाचलेल्या गिलाव्याच्या सात-आठ पट कार्बन आपण हौसेने आत आणतो. उघड्या काँक्रीटच्या नावाखाली होणारी सगळ्यात मोठी फसवणूक हीच. शिवाय विद्यापीठात दर काही वर्षांनी विभाग हलतात, दोन वर्गांचा एक करायचा असतो, प्रयोगशाळेची कार्यालयं होतात. आतल्या भिंती पाडता येण्यासारख्याच असाव्यात.

पायरी २: गाळा, जाडी आणि मोठं सभागृह

बहुमजली इमारतीतलं बहुतेक काँक्रीट स्लॅबमध्ये असतं आणि स्लॅबची जाडी ठरते कॉलममधल्या अंतरावर. म्हणून मिश्रणातलं सिमेंट कमी करण्याच्या गप्पांआधी गाळ्यावर, म्हणजे या अंतरावर, बोला. वर्ग, प्राध्यापकांच्या खोल्या आणि लहान प्रयोगशाळा साडेसात-आठ मीटरच्या गाळ्यात छान बसतात. 'पुढे कधी लागेल' म्हणून सगळीकडे बारा मीटर मागितले की त्याची किंमत प्रत्येक मजला मोजतो.

मोठं व्याख्यानगृह खालच्या मजल्यावर आणि त्याच्या डोक्यावर चार मजले, अशी मांडणी आराखड्यात सोयीची वाटते. पण वरचे कॉलम पेलायला मग दीड-दोन मीटर खोलीचे बीम येतात. व्याख्यानगृह सर्वांत वरच्या मजल्यावर किंवा शेजारी स्वतंत्र छपराखाली न्या. माझ्या मते सिमेंट वाचवण्याचा याहून सोपा उपाय नाही, आणि तो पहिल्याच महिन्यात हातात असतो.

लांब गाळा टाळता येत नसेल तर चौकोनी खण पाडलेला वॅफल स्लॅब किंवा फासळ्यांचा स्लॅब घ्या. खालच्या बाजूचं, ताणात असल्याने फारसं कामाला न येणारं काँक्रीट त्यातून निघून जातं. वर हवेशी भिडणारा पृष्ठभाग वाढतो आणि पुढच्या पायरीत त्याचा उपयोग होतो. साचे पुन्हा पुन्हा वापरता येतील असे एकाच मापाचे ठेवा, नाहीतर सिमेंटची बचत लाकडात जाते. पोस्ट-टेन्शन्ड स्लॅबने (ज्यात काँक्रीट घट्ट झाल्यावर आतल्या पोलादी केबल ताणतात) जाडी कमी होते, पण केबल कुठून गेल्या आहेत त्याच्या खुणा स्लॅबच्या खालच्या बाजूला कायमच्या राहतील अशी सोय करा. वीस वर्षांनी कुणीतरी प्रोजेक्टर टांगायला ड्रिल घेऊन चढणारच आहे.

पायरी ३: उघडं आतून की बाहेरून?

सगळ्या प्रकल्पात हा प्रश्न सगळ्यात मोलाचा, आणि नेमका तोच छायाचित्रं पाहून ठरवला जातो.

काँक्रीट जड असतं: घनमीटरला सुमारे २४०० किलो. एक किलो काँक्रीट एका अंशाने तापायला साधारण ०.९ किलोज्यूल लागतात. दिवस-रात्रीच्या चक्रात उष्णता पृष्ठभागापासून सुमारे १०० मिलिमीटर खोलवरच उपयोगी पडते, त्याच्या आतलं वजन त्या दिवशी कामाला येत नाही. म्हणजे एक चौरस मीटर उघड्या छताकडे २४० किलोचं 'भांडं' आहे आणि ते एका अंशामागे ६० वॅट-तास उष्णता साठवतं. दिवसभरात छत तीन अंश तापू दिलं तर १८० वॅट-तास, आठ तासांवर वाटले तर चौरस मीटरला साधारण २२ वॅट.

समोर मागणी किती आहे? ८० चौरस मीटरच्या वर्गात ६० विद्यार्थी, प्रत्येकाच्या अंगातून सुमारे ७० वॅट उष्णता हवेत येते. झाले चौरस मीटरला ५० वॅटहून अधिक. ऊन, दिवे आणि लॅपटॉप अजून धरलेलेच नाहीत. तेव्हा 'उघडं छत वर्ग थंड ठेवतं' हे अर्धसत्य आहे. ते उष्णतेचा मोठा हिस्सा उचलतं, दुपारचा चढ बोथट करतं, आणि यंत्राने थंड करायचंच असेल तर ते यंत्र लहान चालतं. याहून जास्त कबूल करू नका.

हेही होण्यासाठी दोन अटी आहेत. पहिली: खोली आणि काँक्रीट यांच्यामध्ये फॉल्स सीलिंग नको, जाड गालिचा नको. दुसरी: उष्णतारोधक थर काँक्रीटच्या बाहेरच्या बाजूला हवा. बाहेरून उघडी आणि आतून इन्सुलेशन लावलेली भिंत रस्त्यावरून भारदस्त दिसते, पण तिचं वजन खोलीच्या काहीच कामाचं नसतं. उलट जिथे स्लॅब भिंतीतून आरपार बाहेर जातो तिथे उष्णतेला मोकळी वाट मिळते, आणि थंड हवामानात त्याच कोपऱ्यात दंव साचून बुरशी धरते. दोन्ही बाजूंनी उघडं हवंच असेल तर मध्ये इन्सुलेशन ठेवून दोन पदरांची भिंत करावी लागते, म्हणजे जास्त काँक्रीट आणि जास्त सांधे. माझा कल स्पष्ट आहे: छत आणि गाभा आतून उघडा, बाहेरच्या भिंतीला बाहेरून इन्सुलेशन आणि वर हलकं आवरण.

दिवसभर भरलेलं भांडं रात्री रिकामं करावं लागतं. रात्रीचा वारा आत खेळवून स्लॅब थंड करायचा असेल तर बाहेरचं तापमान रात्री चांगलं उतरायला हवं. दिवस-रात्रीत आठ-दहा अंशांचा फरक असेल तर ही युक्ती चालते. दमट प्रदेशात रात्रही उकाड्याची असते, तिथे हे गणित बसत नाही. मग स्लॅबमध्ये पाइप टाकून थंड पाणी फिरवावं लागतं, आणि पृष्ठभागावर पाणी सुटू नये म्हणून हवेतली आर्द्रता सतत सांभाळावी लागते. तिसरा मार्ग पोकळ स्लॅबचा. इंग्लंडमधल्या नॉर्विच इथे युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट अँग्लियाची एलिझाबेथ फ्राय इमारत १९९५ साली झाली. तिच्यात ताजी हवा आधी पोकळ स्लॅबच्या नळ्यांतून फिरते आणि मग खोलीत येते. ती वरवर पाहिली तर 'काँक्रीटची इमारत' वाटतही नाही, पण काँक्रीट तिथे खरोखर कामाला लावलेलं आहे.

रात्रीच्या वाऱ्याचं आणखी एक, फारच साधं गणित असतं: खिडक्या उघडणार कोण? पाच वाजता शिपाई सगळ्या खिडक्या लावून कुलूप ठोकणार असेल तर संगणकावर केलेलं तापमानाचं सगळं गणित वाया गेलं. वर छोट्या, जाळी आणि गज असलेल्या, पाऊस आत न येणाऱ्या झडपा द्या. शक्य असल्यास त्या आपोआप उघडणाऱ्या घ्या. ही जागा दर्शनी भागाच्या पहिल्या रेखाटनातच दाखवा, नंतर ती कुणी देत नाही.

पायरी ४: आवाज

काँक्रीट आवाज जवळजवळ पूर्ण परतवतं. त्याचा शोषण गुणांक ०.०२ च्या आसपास असतो, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग परत खोलीत. वास्तुरचनेच्या मासिकांत वर्गांचे फोटो रिकामे असतात आणि फोटोला आवाज नसतो.

घुमणं किती सेकंद टिकेल हे काढायचं सूत्र साधं आहे: ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. आपलाच वर्ग घेऊ, १० × ८ मीटर, उंची ३.२. घनफळ २५६ घनमीटर. छत, जमीन आणि भिंती मिळून सुमारे २७५ चौरस मीटर, त्याला ०.०२ ने गुणलं तर शोषण साडेपाच. ६० विद्यार्थी प्रत्येकी ०.४ धरून २४. एकूण २९.५, आणि उत्तर येतं १.४ सेकंद. बोलणं नीट कळायला साधारण ०.७ सेकंद हवेत, त्यासाठी शोषण लागतं ५९. म्हणजे जवळजवळ ३० चौरस मीटर कमी पडलं. वर्ग निम्मा भरला असेल तर अवस्था आणखी वाईट.

ही तूट भरून काढायला पूर्ण छत झाकलं तर तिसऱ्या पायरीतली मेहनत मातीमोल होते. त्यापेक्षा छतापासून वीत-दीड वीत खाली शोषक पट्टे उभे टांगा किंवा आडवे तरंगते फलक लावा. आडव्या फलकांनी छताचा साधारण निम्मा भाग व्यापला, ०.८ गुणांकाचे चाळीस चौरस मीटर, तर ३२ मिळतात. मधल्या फटींतून हवा फिरत राहते, म्हणून छताची थंडाई थोडीशीच कमी होते. मागची भिंत, जिच्यावरून शिक्षकाचा आवाज परत येऊन आदळतो, तिथे शोषक फलकच लावा. त्यावर सूचना टाचता आल्या तर उत्तमच, कारण विद्यार्थी भित्तिपत्रकं लावणारच. फलक दिला नाही तर चिकटपट्टी उघड्या काँक्रीटवर येईल आणि तिचा डाग निघता निघणार नाही.

याच तरंगत्या फलकांवर दिवे बसवता येतात. करड्या काँक्रीटचं छत पांढऱ्या रंगाच्या निम्माही प्रकाश परत देत नाही, तेव्हा दिव्यांचं गणित पांढरं छत धरून केलेलं असेल तर ते परत करायला सांगा.

पायरी ५: वायर, पाइप आणि वाय-फाय

फॉल्स सीलिंग गेलं म्हणजे ते लपवत होतं ते सगळं उघड्यावर आलं. दोनच मार्ग आहेत. एक, पाइप आणि केबल ट्रे मुद्दाम दाखवायचे, पण मग त्यांची आखणी फर्निचरइतक्या काळजीने करायची. दोन, सगळा पसारा कॉरिडॉरच्या छतात कोंबायचा, तिथे उतरतं छत घ्यायचं आणि वर्गांचं छत मोकळं ठेवायचं. विद्यापीठासाठी मी दुसरा मार्ग घेतो. कॉरिडॉरला कमी उंची चालते, आणि दुरुस्तीसाठी वर्ग बंद ठेवावा लागत नाही.

भिंतीतले स्विचचे डबे शटरिंगच्या नकाशावर मिलिमीटरमध्ये आले पाहिजेत. 'साइटवर बघू' हा शब्दप्रयोग या कामात बाद. काही कंड्युट (वायरच्या नळ्या) रिकामे, नुसती तार ओवून ठेवा. पंधरा वर्षांनी काय लागेल हे आज कुणाला माहीत? आणि जाड काँक्रीटच्या गाभ्यामागे वाय-फाय पोचत नाही, म्हणून प्रत्येक खोलीत स्वतंत्र पॉइंट धरा.

पायरी ६: मिश्रण

इथे दोन मागण्या एकमेकींवर उठतात. चांगला पृष्ठभाग यायला मालात बारीक कण भरपूर हवेत, आणि कार्बन कमी करायचा तर क्लिंकर कमी हवं. तोड अशी की बारीक कण हवेत, ते सिमेंटचेच हवेत असं नाही. लोखंडाच्या भट्टीतला दळलेला स्लॅग (मळी), फ्लाय अ‍ॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) आणि चुनखडीची पूड हे काम करतात.

स्लॅग सिमेंटच्या निम्म्या जागी सहज चालतो आणि रंग फिकट, एकसारखा देतो. मात्र शटर काढल्यावर पृष्ठभागावर निळसर-हिरवी झाक दिसते. स्लॅगमधल्या सल्फाइडमुळे ती येते आणि हवा लागली की काही दिवसांत-आठवड्यांत विरते. हे कुलगुरूंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पाहणीच्या दिवशी गोंधळ होतो. फ्लाय अ‍ॅशने रंग गडद होतो. तिच्यात न जळलेला कार्बन किती, यावर छटा बदलते, म्हणून संपूर्ण दर्शनी कामाची राख एकाच ठिकाणची हवी. हेच वाळू, खडी आणि सिमेंटलाही लागू. शिवाय जगात मिळणारा चांगला स्लॅग जवळपास सगळा आधीच कुठे ना कुठे वापरला जातो. त्यामुळे चुनखडी आणि भाजलेली माती वापरणाऱ्या एलसी३ प्रकारच्या सिमेंटकडेही पाहा. त्याच्या प्रचलित प्रमाणात क्लिंकर फक्त ५० टक्के असतं.

अशा मिश्रणांची ताकद हळू चढते. म्हणून ठेकेदाराशी बोलून शटर काढायचे दिवस वाढवा आणि जिथे भार उशिरा येणार आहे तिथे ताकदीची चाचणी २८ ऐवजी ५६ दिवसांवर मागा. एवढ्या एका ओळीने सिमेंट कमी होतं.

रंग केवळ मालावर अवलंबून नसतो. पाणी-सिमेंट प्रमाण कमी असेल तर छटा गडद, जास्त असेल तर फिकट. शटर दोन दिवसांनी काढलेलं आणि पाच दिवसांनी काढलेलं, हा फरक भिंतीवर कायम दिसतो. गाडीतून उतरलेल्या मालात कुणी पाण्याची बादली ओतली तर ती बादलीही दिसते.

कॅलिफोर्नियातली आर्किटेक्ट लुई कान यांची सॉल्क इन्स्टिट्यूट १९६५ साली पूर्ण झाली. तिच्या काँक्रीटची उबदार, किंचित गुलाबी छटा पोझोलानामुळे, म्हणजे सिमेंटसोबत मिसळलेल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे, आहे. सिमेंटच्या जागी दुसरं काही घालणं म्हणजे सौंदर्याशी तडजोड, असं मानणाऱ्यांनी त्या भिंती आठवाव्यात.

पायरी ७: शटरिंग म्हणजेच दर्शनी रेखाटन

उघड्या काँक्रीटची भिंत सुताराने आधी उलटी बनवलेली असते. म्हणून पॅनेलचे सांधे, टाय रॉडची (शटरच्या दोन बाजू एकमेकींना बांधून ठेवणाऱ्या गजांची) भोकं, ओतकामाचे सांधे आणि कोपरे यांचं स्वतंत्र रेखाचित्र काढा, आणि त्यावर आर्किटेक्ट, संरचना अभियंता आणि सुतार मिस्त्री तिघांच्या सह्या घ्या. तिसरी सही सगळ्यात महत्त्वाची. जपानी आर्किटेक्ट तादाओ आंदो यांच्या भिंतींवर ९०० × १८०० मिलिमीटरच्या पॅनेलची आणि भोकांची जी शिस्त दिसते, तिच्यामुळे खिडकीसुद्धा पॅनेलच्या मापातच येते. उलट क्रमाने, आधी खिडक्या आणि मग उरलेल्या जागेत पॅनेल, असं केलं तर तुकडे लागतात आणि ते आयुष्यभर डोळ्यांत खुपतात.

ओतकामाचा सांधा लपत नाही. तो खाचेत घ्या. खाच सरळ असली की डोळ्याला रेष दिसते, चूक दिसत नाही. सॉल्कमध्ये कान यांनी सांध्यांची उठावदार रेघ तशीच ठेवली, टायच्या भोकांत शिशाचे बूच बसवले आणि नंतर घासणं, भरणं, रंगवणं यांना मनाई केली.

पृष्ठभाग निवडताना आपल्या कामगारांचा हात ओळखा. गुळगुळीत फिल्म-फेस (वर चकचकीत थर असलेल्या) प्लायवर प्रत्येक बुडबुडा आणि प्रत्येक छटा दिसते. खरबरीत फळ्यांच्या शटरवर रेषांच्या गर्दीत छटांचा फरक हरवतो. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्या चमूला मी फळ्याच देतो. येल विद्यापीठाच्या कला आणि वास्तुकला इमारतीत, १९६३ साली, आर्किटेक्ट पॉल रुडॉल्फ यांनी उभ्या फासळ्या ओतून त्या हातोडीने फोडून घेतल्या. पृष्ठभाग विलक्षण आहे, पण गर्दीच्या कॉरिडॉरमध्ये तसा पोत खांद्यांना आणि कोपरांना महागात पडतो. तो हाताच्या वर ठेवावा.

नव्या लाकडातली साखर काँक्रीटचं वरचं कातडं कच्चं ठेवते आणि भिंतीला हात लावला की भुकटी येते. म्हणून नव्या फळ्यांना आधी सिमेंटची स्लरी (पातळ घोळ) फासून, सुकवून, घासून घ्या. एका भिंतीत नवे आणि जुने प्लाय मिसळू नका. शटरला तेल लावून फडक्याने पुसा, ओघळ दिसला तर तो उद्या भिंतीवर दिसेल. वनस्पती तेलापासून बनवलेली, मातीत विघटन होणारी तेलं मिळतात, ती घ्या. कोपऱ्यांना चॅम्फर पट्टी (कोपरा तिरका कापणारी) लावा. धारदार कडा फोटोत छान दिसते आणि पहिल्या सत्रातच ट्रॉली लागून तुटते.

पायरी ८: नमुना भिंत, आणि तीही अवघड

दोन मीटरचा सपाट तुकडा ओतून पसंती देण्यात अर्थ नाही, सपाट तुकडा सगळ्यांनाच जमतो. नमुन्यात एक कोपरा, एक खिडकी, एक ओतकामाचा सांधा, स्विचचा एक डबा आणि खरी सळई हवी. उंचीही खरी हवी: तीन मीटर उंचीचा ताजा माल तळाशी शटरवर चौरस मीटरला ७२ किलोन्यूटनपर्यंत दाब देऊ शकतो आणि फटीतून स्लरी गळते ती तिथेच. स्लरी गळाली की मागे नुसती खडी उरते, म्हणजेच हनीकोंब.

नमुना चुकला तर आनंद माना. तो फोडू नका, दुरुस्तीचा सराव त्यावरच करा. पहिलं दर्शनी ओतकाम तळघरातल्या किंवा पंपाच्या खोलीतल्या भिंतीवर घ्या. पसंत नमुना काम संपेपर्यंत उभा राहिला पाहिजे, कारण वाद झाला की दोन्ही बाजू त्याच्याचकडे बोट दाखवतील. अपेक्षा शब्दांत मांडायला श्रेणी वापरा. जर्मनीत यासाठी एसबी१ ते एसबी४ अशी चढती वर्गवारी वापरतात. सगळी इमारत वरच्या श्रेणीची मागू नका. प्रवेशदालन आणि मुख्य जिना वरच्या श्रेणीत, वर्गांची छतं मधल्या, गोदामं खालच्या. आणि भिंत पाहायची ती नेहमी माणूस जिथून पाहतो तेवढ्या अंतरावरून, नाक टेकवून नव्हे.

पायरी ९: ओतकामाचा दिवस

आदल्या संध्याकाळी स्लॅबच्या शटरवर पडलेली बांधणीच्या तारेची टोकं चुंबक फिरवून उचला. एकही राहिलं तरी छतावर तांबडा ठिपका उमटतो. तारेची शेपटं आत वळवा. कव्हर ब्लॉक (सळई शटरपासून दूर ठेवणारे ठोकळे) काँक्रीटचेच घ्या, प्लास्टिकचे पृष्ठभागावर डोकावतात.

माल ३०० ते ५०० मिलिमीटरच्या थरांत, थांबा न घेता. व्हायब्रेटरची निडल खालच्या थरात १००-१५० मिलिमीटर गेली पाहिजे आणि हळू वर आली पाहिजे. भराभर उपसली तर हवा आतच राहते. निडल शटरला टेकू देऊ नका. गाडी उशिरा येणार असेल तर सुरुवातच करू नका. अर्ध्यावर थांबलेल्या भिंतीवरची तिरकी रेघ कशानेही जात नाही. हे मी एकदा शिकलो आहे, एका जिन्याच्या पहिल्याच टप्प्यावर, आणि ती रेघ अजून तिथे आहे.

पायरी १०: नंतरचे दोन आठवडे

स्लॅग-राखेच्या मिश्रणाला क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) दहा ते चौदा दिवस द्या. पॉलिथीन भिंतीला मध्येच चिकटलं आणि मध्येच सुटलं तर ढगांसारखे डाग पडतात, म्हणून ते थोडं अंतर ठेवून ताणा. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळयांना सिमेंटची स्लरी फासा किंवा प्लास्टिक गुंडाळा, नाहीतर पहिल्या पावसात गंजाचे ओघळ तयार भिंतीवर येतात. कॉलमचे कोपरे माणसाच्या उंचीपर्यंत लाकडी पट्ट्यांनी झाका.

दुरुस्तीचा मोह आवरा. लहान बुडबुडे तसेच राहू द्या. भरलेला बुडबुडा न भरलेल्यापेक्षा जास्त दिसतो. हनीकोंबमध्ये सळई उघडी पडली असेल तर मात्र अभियंत्याच्या देखरेखीखाली दुरुस्ती करावीच लागते.

पायरी ११: बाहेरच्या कडा आणि कव्हर

बाहेरून उघडं काँक्रीट ठेवलंच असेल तर ते खराब कशाने होतं? बहुतेक वेळा पाण्याने, आणि पाणी कुठून वाहावं हे न ठरवल्याने. पॅरापेटच्या माथ्याला आतल्या बाजूला उतार, प्रत्येक छज्जाखाली पाणी तुटेल अशी खाच, खिडकीच्या पट्टीची टोकं भिंतीपासून पुढे. सिलेन-सिलोक्सेनसारखं आत मुरणारं जलरोधक चालतं. वर चकचकीत पापुद्रा धरणारं वॉर्निश टाळा, ते काही वर्षांत सोलून निघतं.

हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू शिरतो आणि त्याची क्षारता घटवतो. ही सीमा सळईपर्यंत पोचली आणि ओल असली की गंज सुरू होतो. खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: ४ वर्षांत ५ मिलिमीटर गेली असेल तर १० मिलिमीटरला १६ वर्षं, २० ला ६४ वर्षं. म्हणजे कव्हर (सळईवरच्या काँक्रीटची जाडी) दुप्पट केलं की वेळ चौपट मिळतो. आणि सजावटीच्या खाचेने १५ मिलिमीटर खाल्ले तर उरतं त्याचं आयुष्य खूपच कमी. कव्हर नेहमी खाचेच्या तळापासून मोजा. सिमेंट बरंच बदललेल्या मिश्रणात कार्बन थोडा लवकर शिरतो, म्हणून मागच्या पायरीतलं क्युरिंग आळसावर सोडू नका.

पायरी १२: इमारत ताब्यात देताना

देखभाल विभागाला एक फाइल द्या: मिश्रणाचं प्रमाण, शटरला वापरलेलं तेल, जलरोधकाचं नाव आणि ते पुन्हा कधी लावायचं, केबलचे आणि कंड्युटचे नकाशे, रात्री कुठल्या झडपा उघडायच्या त्याचं हंगामवार वेळापत्रक. भिंती धुवायला आम्ल वापरायचं नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहा. भित्तिलेखनाची शक्यता असलेल्या खालच्या दोन मीटरवर धुऊन निघणारा संरक्षक थर आधीच द्या.

आणि पुढच्या दहा वर्षांत कुणीतरी नवीन अधिकारी येऊन "हे अर्धवट राहिलंय, रंगवून टाका" म्हणेल. रंग चढला की परत उतरत नाही. फाइलच्या पहिल्या पानावर सही-शिक्क्यानिशी लिहून ठेवा की हे काम पूर्ण झालेलं आहे.